'पान स्वच्छ कर' ही सक्ती लहान मुलांवर असावी का?

चिंचगूळ:
माझं म्हणणं थोडक्यात असं: वाढणार मोठी माणसं आणि संपवायचं पोरानं, हा कुठला न्याय? पोट भरलं की शरीर सांगतं. जठर ताणलं की व्हेगस नसेतून मेंदूला निरोप जातो, अन्न लहान आतड्यात उतरलं की सीसीके हे संप्रेरक सुटतं आणि भूक मावळते. लहान मुलं हे नीट ऐकतात. 2000 साली अमेरिकेत बार्बरा रोल्स, लीअन बर्च वगैरे संशोधकांनी 3 आणि 5 वर्षांच्या मुलांना कमी-जास्त वाढून पाहिलं. 3 वर्षांची मुलं कितीही वाढलं तरी साधारण तेवढंच खायची. 5 वर्षांची मात्र जास्त वाढलं की जास्त खायची. मधल्या दोन वर्षांत आपणच त्यांचे कान बंद करतो. "एवढा घास काऊचा, एवढा चिऊचा" इथपर्यंत ठीक, पण "संपवल्याशिवाय उठायचं नाही" म्हणजे जुलूम.

बांधावरचा:
तुमचं सीसीके आमच्या आईला सांगून बघा. 72च्या दुष्काळात तिनं खडी फोडलीय. रेशनवर लाल मिलो ज्वारी, कामावर सुकडी. मिलोची भाकरी थापताना तुटायची आणि खाताना घशात अडकायची, तरी कुणी ताटात तुकडा ठेवत नव्हतं. अन्न टाकायचं नाही हे शिकवायचं कधी, लग्न झाल्यावर?
आणि त्या प्रयोगातून एवढंच दिसतं की मोठी मुलं ताट बघून खातात. ते आईबापांच्या दटावणीमुळे, हे कुठं सिद्ध झालं? अमेरिकेत कोण पोरांना पान स्वच्छ करायला लावतं?

चिंचगूळ:
लावत होते की! पहिल्या महायुद्धात, 1917 पासून, हर्बर्ट हूवरच्या अन्न खात्यानं ताटं चाटूनपुसून साफ करायची मोहीमच काढली होती. टंचाई संपली, सवय राहिली. तुमच्या आईंचा नियम त्या काळात शंभर टक्के बरोबर होता. आज त्याच घरात फ्रीजवर बिस्किटांचे पुडे असतात.

अर्धीवाटी:
दोघंही भलत्याच माणसाची गचांडी धरताय. खरा गुन्हेगार आग्रह! पंगतीत पानावर हात आडवा धरला तरी बोटांच्या फटीतून जिलबी सोडणारे काका आठवा. "माझ्या हातची एक तरी" म्हणत वाढायची आणि मग "पानात टाकू नको" म्हणून तोच माणूस डोळे वटारणार.
शिवाय पोट भरल्याचा निरोप एवढा पक्का नसतोच. वरणभात, उसळ पुरे झाली म्हणणारा माणूस श्रीखंडाची वाटी आली की पुन्हा सरसावून बसतो. एका चवीला मन विटतं, नवी चव आली की भूक पुन्हा उठते. यावरही या रोल्सबाईंनी 80च्या दशकात काम केलंय. म्हणजे ज्या घरात जेवणात चार पदार्थ, तिथं मूल भाजी टाकून गोड मागणारच. ते लबाडी करत नसतं. मुलाला स्वतःच्या हातानं घेऊ द्या, लागलं तर परत घेऊ दे.

बांधावरचा:
घरी तीन पोरं आणि एक पातेलं उसळ. पहिला स्वतःच्या हातानं घेतो आणि तिसऱ्याला रस्सा उरतो. वाढायचं काम आईचंच, आणि वाढलेलं संपवायचं.

रात्रपाळी:
चिंचगूळ, शरीर सांगतं हे अर्धंच खरं. पॉल रोझिन या मानसशास्त्रज्ञानं 1998 साली दोन अशा रुग्णांवर काम केलं, ज्यांना मिनिटभरापूर्वीचंही आठवत नसे. त्यांचं जेवण आटोपल्यावर 10 ते 30 मिनिटांत पुन्हा ताट मांडलं. ते पुन्हा जेवले! पोट भरलेलं होतं, पण जेवल्याची आठवण नव्हती. आपण जेवलो हे मेंदूला बाहेरूनही कळावं लागतं, आणि रिकामं ताट ही त्याची चांगली खूण आहे. म्हणून मी बांधावरचा यांच्या बाजूनं. फक्त ताट लहान घ्या. आणि मोबाइल लावून पोराच्या तोंडात घास कोंबणाऱ्यांनी इथं भूक ओळखण्याच्या गप्पा मारू नयेत. त्या पोराला ना पोट कळतं ना ताट.

चिंचगूळ:
मोबाइलचं मान्य. पण रुग्णांवरून धडधाकट पोरांचा नियम काढू नका. भरल्या पोटी चार घास कोंबलेलं मूल ती भाजी पुढं वर्षानुवर्षं तोंडात घेत नाही. आमच्या घरात दुधीचं नाव काढून बघा.

बांधावरचा:
दुधी कुणालाच आवडत नाही, त्याला मानसशास्त्र कशाला? बरं, नाही संपवलं तर त्या अन्नाचं करायचं काय? पातेल्यातली शिळी भाकरी कुस्करून फोडणीला टाकता येते. ताटातलं उष्टं कोण खाणार?

अर्धीवाटी:
आई खाते. सगळ्यांची ताटं उचलताना, ओट्याशी उभ्या उभ्या, स्वतःचं जेवण झालेलं असताना. पोराचं पोट वाचलं तर तिचं सुटतं. तिच्या सीसीकेचं काय?

रात्रपाळी:
आमच्याकडे मुलाचं उष्टं मुलाच्या बाबांनी खायचं असं ठरलंय. तेव्हापासून बाबा कमी वाढतात.