रोमानियाची रग्बी : हुकूमशहाची खैरात, की युरोपने दारातच अडवलेला संघ?

स्क्रमवेडा
काल दुसऱ्या चर्चेत 'सरळसोट' यांनी लिहिलं : "२०२३च्या विश्वचषकात रोमानिया आयर्लंडकडून ८-८२, दक्षिण आफ्रिकेकडून ०-७६, स्कॉटलंडकडून ०-८४ असा हरला. असल्या संघांना बोलावणं बंद करा. यांचा सुवर्णकाळ म्हणजे हुकूमशहा चाउशेस्कूची खैरात होती." रात्रभर ते डोक्यातून जाईना, म्हणून इथे सविस्तर लिहितोय.

१९८० साली याच संघाने बुखारेस्टमध्ये फ्रान्सला १५-० हरवलं. १९८३ मध्ये वेल्सला २४-६. १९८४ मध्ये स्कॉटलंड ग्रँड स्लॅम (फाइव्ह नेशन्समधले सगळे सामने) जिंकून बुखारेस्टला आला आणि २८-२२ हरून परतला. १९८८ मध्ये तर वेल्सला त्यांच्याच घरी, कार्डिफला, १५-९. फाइव्ह नेशन्स म्हणजे इंग्लंड, वेल्स, स्कॉटलंड, आयर्लंड, फ्रान्स यांची दरवर्षीची स्पर्धा. तिच्यातल्या पाचांपैकी तिघांना हरवणारा संघ, तरी त्या स्पर्धेत त्याला जागा नाही. ज्या वर्षांत आत घ्यायला हवं होतं तेव्हा घेतलं नाही. सहावी जागा निघाली ती २००० साली, इटलीसाठी, आणि स्पर्धा सिक्स नेशन्स झाली. तोवर रोमानियात उरलं काय होतं? डिसेंबर १९८९ मध्ये चाउशेस्कूविरुद्धच्या क्रांतीच्या धामधुमीत रग्बीपटू फ्लोरिका मुरारिउ मारला गेला. देशाचं कर्णधारपद केलेला लष्करी अधिकारी. दुसरा रग्बीपटू राडू दुर्बाकही गेला. आणि त्यानंतर पाच महिन्यांनी हे लोक ऑशला जाऊन फ्रान्सला फ्रान्समध्ये १२-६ हरवून आले! याला खैरात म्हणायचं?

सरळसोट
हो, म्हणायचं. स्त्याउआ हा लष्कराचा क्लब, दिनामो गृहखात्याचा. खेळाडू कागदावर सैनिक किंवा पोलीस, काम मात्र एकच, रग्बी. समोरचे वेल्श आणि स्कॉटिश खेळाडू तेव्हा हौशी, दिवसभर नोकरी करून संध्याकाळी सरावाला येणारे. सरकार पडलं, पैसा आटला, संघ कोसळला. तुमच्या सुवर्णकाळाचा पाया काय होता ते यातच दिसतं. दिनामोचा लॉक (स्क्रमच्या दुसऱ्या रांगेतला खेळाडू) क्रिस्तियान रादुकानू डिसेंबर १९८९ मध्ये एडिंबराच्या सामन्यानंतर पळून का गेला, तेही सांगा. सगळं छान असतं तर माणूस घरदार सोडून परक्या देशात राहत नाही.

आणि १९२४च्या ऑलिंपिक कांस्यपदकाचा मुद्दा येण्याआधीच सांगतो : संघ तीनच होते. रोमानिया फ्रान्सकडून ३-६१ आणि अमेरिकेकडून ०-३७ हरला, तरी पदक मिळालं.

कोल्हापूरची_लेक
खात्याच्या नोकरीला खैरात म्हणणाऱ्यांनी जरा जपून बोलावं. माझे वडील खात्याकडून कबड्डी खेळले. पहाटे सराव, मग ड्यूटी, गुडघा गेला तरी कुणाला सांगायची सोय नाही. आपल्याकडचे निम्मे कबड्डीपटू आणि पैलवान पोलीस, रेल्वे, लष्करातच वाढले. त्यांची पदकं परत करायची का? रोमानियातही ग्रिवित्सा हा रेल्वे कामगारांचा क्लब होता. स्क्रममध्ये, दोन्ही संघ खांदे भिडवून रेटतात तिथे, मान घालतो तो खेळाडू, सरकार नाही घालत.

सरळसोट
ताई, तुमच्या वडिलांबद्दल मी एक शब्द बोललो नाही. मी व्यवस्थेबद्दल बोलतोय.

कोल्हापूरची_लेक
व्यवस्थेत माणसंच असतात.

लेस्टरकर
६ ऑक्टोबर २०१५, विश्वचषक, लेस्टरचं स्टेडियम, मी तिथे होतो. कॅनडा १५, रोमानिया ०. शेजारी एक रोमानियन ट्रकचालक मुलाला खांद्यावर घेऊन उभा होता, बसायलाच तयार नाही. मग कर्णधार मिहाई माकोवेईने दोन ट्राय मारल्या (चेंडू समोरच्यांच्या गोलरेषेपलीकडे टेकवला) आणि शेवटी फ्लोरिन व्लाइकूची पेनल्टी : १७-१५. तो माणूस ढसाढसा रडला आणि मीही रडलो. बोलावणं बंद करा म्हणणाऱ्यांनी आधी त्या बापासमोर उभं राहून बोलावं.

माद्रिदस्थ
भावना ठीक आहेत हो, पण २०२३ची ती जागा मुळात स्पेनची होती! मैदानावर स्पेनने कमावली होती. २०२२ मध्ये गॅव्हिन व्हॅन डेन बर्गच्या वास्तव्याचे ३६ महिने भरले नव्हते म्हणून पात्रता फेरीत स्पेनचे १० गुण कापले आणि रोमानिया आत आला. एका खेळाडूच्या कागदांपायी अख्खी पिढी घरी बसली.

स्क्रमवेडा
अपात्र खेळाडू दोन सामन्यांत खेळवला, नियम मोडला, शिक्षा झाली. २०१८ मध्ये आमचीही झालीच. सिओने फाकाओसिलिया टोंगाकडून सेव्हन्स (सात-सात जणांची रग्बी) खेळला होता, त्यामुळे अपात्र असूनही त्याला रोमानियाने उतरवलं. १९८७ पासून एकही विश्वचषक न चुकवलेला संघ २०१९ला बाहेर आणि रशिया आत. आम्ही रडलो का?

माद्रिदस्थ
२०१८चं नाव काढलंतच, तर पूर्ण काढा. १८ मार्च, ब्रुसेल्स. २०१९च्या विश्वचषकात जायला स्पेनला बेल्जियमविरुद्ध फक्त जिंकायचं होतं. हरले तर जागा रोमानियाला. आणि पंच कुठला? रोमानियाचा! स्पेन १०-१८ हरला. ज्या देशाला फायदा होणार त्याच देशाचा पंच नेमतात? हे मी इथल्या क्लबच्या खोलीत बसून बघितलंय. सत्तरीचे आजोबा टीव्हीवर ओरडत होते.

स्क्रमवेडा
सामना संपल्यावर तुमचे खेळाडू पंचाच्या अंगावर धावून गेले, तेही बघितलं का आजोबांनी? आणि अपात्र खेळाडूंपायी तेव्हा स्पेनचेही गुण कापले गेलेच.

माद्रिदस्थ
धावून गेले ते चूकच. पण नेमणूक त्याहून चूक. मुद्दा टाळू नका.

स्क्रमवेडा
नेमणूक चूक होती. बास? पंच तटस्थ देशाचाच हवा होता. पण त्याची नेमणूक रोमानियाच्या खेळाडूंनी केली नव्हती.

लेस्टरकर
अहो, विषय काय होता आणि तुम्ही कुठे पोचलात! तिकडे जॉर्जियाने नोव्हेंबर २०२२ मध्ये कार्डिफला वेल्सला १३-१२ हरवलं, त्याच वर्षी बातुमीत इटलीला २८-१९. रोमानियाचं १९८४ मध्ये झालं तेच आता जॉर्जियाचं चाललंय : मोठ्यांना हरवूनही दाराबाहेरच. इटली सिक्स नेशन्समध्ये २०१५ ते २०२२ सलग ३६ सामने हरला, त्याला कुणी हलवलं नाही.

सरळसोट
इटलीला हलवायची गरज नव्हती. २०२४ मध्ये त्यांनी स्कॉटलंड आणि वेल्सला हरवलं, फ्रान्सशी बरोबरी केली. वेळ दिला म्हणून ते उभे राहिले.

कोल्हापूरची_लेक
म्हणजे वेळ दिला की संघ उभा राहतो. स्क्रमवेडा सकाळपासून दुसरं काय सांगतायत?

सरळसोट
शब्दात पकडताय. बरं, एवढं मानतो : ऐंशीच्या दशकात रोमानियाला निदान दरवर्षी नेमाने मोठे सामने द्यायला हवे होते. १९९५ मध्ये खेळ व्यावसायिक झाला तेव्हा फ्रेंच क्लबांपलीकडे त्या पोरांना कमाईची जागाच उरली नव्हती. आता सिक्स नेशन्सचा तळाचा संघ आणि युरोपचा दुसऱ्या फळीचा विजेता यांचा सामना ठेवा, जॉर्जिया जिंकला तर येऊ दे आत. पण ०-८४ ला मी पराक्रम म्हणणार नाही.

स्क्रमवेडा
मीही म्हणालो नाही. टोंगाविरुद्ध त्याच विश्वचषकात २४-४५ झालं, तीन ट्राय मारल्या, तो आकडा तुम्ही तेवढा वगळलात.

माद्रिदस्थ
२०२७ साठी जॉर्जिया, स्पेन, रोमानिया, पोर्तुगाल चौघेही मैदानावरून पात्र झालेत. या वेळी कागद नीट ठेवा सगळ्यांनी. आणि ब्रुसेल्सच्या पंचाचं उत्तर अजून कुणी दिलेलं नाही.