दुडकीत घोडी सारखी एकाच बाजूवर टाकतेय

खानापूरकडं मातीच्या रस्त्यानं लांब दुडकी मारली की ठेक्यावर उठबस करताना आमची घोडी मला सारखी उजव्या डायगोनलवरच (म्हणजे पुढचा उजवा आणि मागचा डावा पाय जोडीनं टेकताना बूड खोगीरावर येतं) टाकते ओ, बदललं की चार पावलात परत तेच, आणि माझा उजवा गुडघा बी दुखतोय. खोगीर बघू की घोडी?

— आधी रिकिबीचे पट्टे काढून शेजारी धरा की. आपण चढतो डावीकडनं, डावा ताणून लांब होतोय. अदलाबदल करत जावा.

— धरले. डावा बोटभर लांब!

— तेवढ्यावर थांबू नका. बसताना पायांची जी तिरपी जोडी टेकलेली असते तिच्यावर भार जास्त, म्हणून अधनंमधनं एक ठेका जादा बसून बाजू बदलायची. तरी ढकलत असली तर डॉक्टरला दाखवा, बारीक लंगडणं असंच लपतंय, नालबंदाला बी विचारा.