बाबांचा हात थरथरतोय, वय झालं म्हणून का फवारणीमुळं?

सेलूचा_पोरगा: बाबा ६८ वर्षाचे हायेत, कापूस-सोयाबीन करतेत. तीसेक वर्षं पाठीवर पंप घेऊन मोनो (मोनोक्रोटोफॉस, किडीचं औषध), तणनाशक सगळं फवारलं, तोंडाला फार तर रुमाल. वर्षभरापासून उजवा हात बसल्या बसल्या थरथरतोय, पाय घासत चालतेत, सही इतकी बारकी झाली की बँकेतून परत पाठवलं. डॉक्टर म्हणले वय झालं. खरंच का?

गोदाकाठ: बसल्या बसल्या थरथरतोय म्हणताय, पाय घासतेत, अक्षर बारीक, हे तर कंपवाताचं म्हणजे पार्किन्सनचं वाटतंय, न्यूरोवाल्याला दाखवाच. वास येतो का त्यांना? पोट साफ होतं का? ह्या गोष्टी कित्येकदा हात थरथरायच्या लई आधी बिघडतेत. आन चक्करच्या गोळ्या चालू हायेत का बघा, सिनारिझिन वगैरे, त्यानं बी असाच कंप येतो.

बीडवाला_भाऊ: औषधाचं काही नसतं हो, आमचे आजोबा ८४ पर्यंत कपाशी फवारत होते, ठणठणीत!!

गोदाकाठ: भाऊ, एका आजोबावरून ठरत नसतं. मोनोच्या जातीतली काही औषधं रक्तातच मोडणारं एक एन्झाइम असतं, ते कुणाचं जोरात चालतं, कुणाचं हळू. आन वय का औषध, दोनातलं एकच कारण असतं असं बी नाही. मेंदूत डोपामिन (हालचाल नीट ठेवणारं रसायन) बनवणाऱ्या पेशी वयानं सगळ्यांच्याच कमी होतेत, विहीर उन्हाळ्यात उतरती तशी, पण त्यात कुणी रात्रंदिवस मोटर चालू ठेवली तर मार्चातच तळ दिसणार ना. हात थरथरायला लागतो तोवर त्यातल्या बऱ्याच गेलेल्या असतेत. तणनाशकातलं पॅराक्वाट पेशीतच जाळपोळ करतं, युरोपात २००७ पासून बंद हाय. १९८२ साली कॅलिफोर्नियात नशेच्या भेसळीतल्या एमपीटीपी नावाच्या रसायनानं तरणी पोरं एकदम कंपवातासारखी आखडली होती, ते अंगात गेल्यावर त्याचं जे बनतं त्याची रचना पॅराक्वाटशी लई जवळची हाय, तवापासूनच शास्त्रज्ञांचं ध्यान शेतीच्या औषधाकडं गेलं. तुमच्या बाबांना त्यानंच झालं हे मात्र कुणी छातीठोक सांगू शकत नाही.

जालना_ताई: दादा, आता त्यांना फवारायला लावू नका. आमच्या सासऱ्यांना लेव्होडोपा ह्या कंपवाताच्या गोळीनं फरक पडला, गोळी जेवणाआधी द्यायला सांगितली होती, पण डॉक्टरला विचारूनच हं.

सेलूचा_पोरगा: चक्करची गोळी चालू हाय खरंच, दोन वर्षापासून!! सोमवारी सगळ्या चिठ्ठ्या घेऊन संभाजीनगरला नेतो. तोवर बँकेत अंगठा चालतो का, कुणाला माहिताय?