पोपटी: मडकं उपडंच ठेवा

परसातल्या शेकोटीवर पोपटी, म्हणजे मडक्यात वाफवलेल्या वालाच्या शेंगा, लावली तर खालच्या शेंगा करपल्या आणि वरच्या कच्च्या राहिल्या, अशी तक्रार एकाने केलीय. मडकं चुलीवर ठेवतात तसं सरळ ठेवलं असणार. आमच्या रायगडात ते उपडं ठेवतात आणि जाळ चहूबाजूंनी लावतात.

आधी तळाला भामरुडाचा (उग्र वासाची रानवनस्पती) पाला दाबून बसवा, मग वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी, जाडं मीठ, ओवा. कोंबडी घालायची तर मसाला चोळून, केळीच्या पानात बांधून मधोमध. पाणी थेंबभरही नाही, पाल्याच्या आणि शेंगांच्या वाफेवरच सगळं शिजतं. तोंडाशी पाला असा कोंबा की उपडं केल्यावर एकही शेंग निसटता कामा नये. भोवती पेंढा, गोवऱ्या, काटक्या. अर्धा-पाऊण तासाने मडक्यावर पाणी शिंपडा. चर्रकन वाजून लगेच सुकलं की उतरवा.

भामरुड नसेल तर कोबीची पानं वापरतात काही जण. पोट भरेल हो, पण तो उग्र वास कुठून आणणार?

आणि कडेला नदीतले गोटे रचू नका. आत मुरलेल्या पाण्याची वाफ झाली की ते फुटून उडतात.