तेल सापडण्याआधी कुवेतमध्ये काय होतं?

गोदाकाठ (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी,

मी नाशिकची, शाळेत इतिहास शिकवायचे. नवऱ्याच्या नोकरीमुळे सध्या कुवेतमध्ये, सालमियात राहते. मिश्रफला भरणाऱ्या पुस्तक प्रदर्शनात गेले होते. तिथे एका मालिकेची पुस्तकं रांगेनं मांडलेली होती. विज्ञान, तत्त्वज्ञान, इतिहास, अर्थशास्त्र, सगळं अरबीत आणि किंमत अगदी कमी. विक्रेत्यानं सांगितलं की ही मालिका १९७८ पासून सरकार काढतं आणि मोरोक्कोपासून इराकपर्यंत ती वाचली जाते. ‘अल-अरबी’ मासिक तर त्याहून जुनं, डिसेंबर १९५८ चं. म्हणजे देश स्वतंत्र व्हायच्याही आधीचं!

इथले आपले बहुतेक लोक म्हणतात, “तेलाचा पैसा आला आणि त्यांनी संस्कृती विकत आणली.” मला हे पटत नाही. तेलाची पहिली निर्यात १९४६ ची. पुढच्या बारा वर्षांत इमारती उभ्या राहतील, रस्ते होतील. पण अख्ख्या अरब जगासाठी मासिक काढावं हे सुचायला आधी काहीतरी मुरलेलं असावं लागतं ना? ते काय होतं? कुणी अभ्यास केला असेल किंवा इथे राहून पाहिलं असेल, तर सविस्तर सांगा.

आकडेमोड

प्रश्न चांगला आहे, पण पैशाचा भाग इतका सहज बाजूला सारू नये. ‘अल-अरबी’चे पहिले संपादक अहमद झकी हे इजिप्तचे शास्त्रज्ञ. १९६१ मध्ये ‘अरब नाट्यसंस्था’ उभी करणारे झकी तुलैमात इजिप्तचे. तुम्ही पाहिलेल्या पुस्तकमालिकेचे सल्लागार संपादक फुआद झकरिया, तेही इजिप्तचेच. शाळांमध्ये पॅलेस्टिनी शिक्षक. कैरोत राजकीय दडपण वाढत होतं, तेव्हा इथे पगार चांगला होता आणि श्वास घ्यायला जागाही होती. तेल नसतं तर यातलं कोण आलं असतं? माझ्या मते मूळ तेलातच आहे. संस्कृती बाहेरून आली आणि इथे रुजली, यात कमीपणा काहीच नाही.

उधाण

आकडेमोड, तुम्ही दिलेली नावं खरी आहेत. पण बाहेरचा माणूस यायचा तर त्याला बोलावणारं कुणीतरी लागतं, आणि कुणाला बोलवायचं याची जाणही लागते. ती जाण कुवेतमध्ये कशी तयार झाली, हाच गोदाकाठताईंचा प्रश्न आहे.

मी रत्नागिरीचा. १९८० च्या दशकात कुवेतच्या एका व्यापारी पेढीत हिशेब लिहायला होतो, हवल्लीत राहायचो. पेढीचे वृद्ध मालक संध्याकाळी आम्हा दोघातिघांना दिवानियात बसवून घेत. दिवानिया म्हणजे घराची पुरुषमंडळींची बैठक. भिंतीला लागून गाद्या, मध्ये कॉफीची दल्ला, म्हणजे किटली, आणि कुणीही येऊन बसावं, बोलावं. मालकांनी वडिलांच्या वेळच्या वह्या जपून ठेवल्या होत्या. पानं अरबी, पण आकडे रुपयांत! १९६१ मध्ये दिनार येईपर्यंत कुवेतचा सगळा व्यवहार रुपयांतच होता. शेवटची दोन वर्षं आपल्या रिझर्व्ह बँकेनं आखातासाठी छापलेल्या वेगळ्या नोटा चालत. मालक आमच्याशी मुंबईच्या बाजारातली हिंदी बोलायचे. लहानपणी वडिलांबरोबर ते मुंबईत राहिले होते.

हे समजून घेतल्याशिवाय कुवेत कळत नाही. त्या गावाला शेती नव्हती, प्यायचं पाणीसुद्धा इराकच्या शत्त-अल-अरब नदीतून होड्यांनी आणावं लागे. उन्हाळ्यात मोती काढायचे. हिवाळ्यात बूम नावाच्या मोठ्या गलबतांत बसऱ्याचा खजूर भरून कराची, मुंबई, मलबार नाहीतर थेट आफ्रिकेचा किनारा गाठायचा. गलबतांचं सागवान मलबारचं, मोत्याचं गिऱ्हाईक मुंबईत. अशा माणसाला बाहेरचं जग पाहावंच लागतं. छापखाना, वर्तमानपत्र, हिशेबनीस तयार करणारी शाळा हे सगळं त्यानं मुंबईत, बसऱ्यात, कैरोत पाहिलेलं असे. आपल्या गावात यातलं काहीच नाही, हेही त्याला रोज जाणवत असे.

आता १९११ कडे या. पैगंबरांच्या जन्मदिनाच्या सभेत सय्यद यासीन तबतबाई यांनी विषय काढला की असे सोहळे करतो तसं शिक्षणाचं काय? यूसुफ बिन इसा अल-किनाई यांनी तो मनावर घेतला आणि वर्गणी सुरू केली. गावातल्या व्यापाऱ्यांनी पैसे दिले, जागा दिली. सर्वांत मोठी रक्कम मात्र मुंबईहून आली. तिथे मोत्यांचा व्यापार करणाऱ्या आल-इब्राहिम घराण्यानं ५० हजार रुपये पाठवले. त्या काळचे ५० हजार! त्यातून मुबारकिया शाळा उभी राहिली. नाव तेव्हाच्या शासकाचं, शेख मुबारक यांचं, पण पैसा आणि चालवायची जबाबदारी व्यापाऱ्यांची.

दहा वर्षांत ती शाळा अपुरी वाटू लागली. इंग्रजी आणि आधुनिक विषय हवेत, असं काहींचं म्हणणं. इंग्रजी शिकवणं धर्माला धरून आहे का, यावर गावात जोरात वाद झाला. तो वाद दडपला गेला नाही, १९२१ मध्ये इंग्रजीसह दुसरी शाळा निघाली, अहमदिया. पाठोपाठ सार्वजनिक ग्रंथालय आणि वाङ्मय मंडळ. १९२८ मध्ये अब्दुल अझीझ अल-रुशैद यांनी ‘अल-कुवैत’ मासिक काढलं, आखातातलं पहिलं. गावात छापखाना नव्हता, तरी मासिक निघालं.

पण मला विचाराल तर सगळ्यांत मोठं वर्ष १९३६. जपानी संवर्धित मोत्यांनी आणि जागतिक मंदीनं मोत्यांचा धंदा बुडाला होता. कर्जात रुतलेले पाणबुडे, बंद पडलेल्या होड्या. कुवेतच्या बुरगान भागात तेल लागायला अजून दोन वर्षं होती. त्या वर्षी व्यापारी एकत्र आले आणि आयात मालावरच्या जकातीत शिक्षणासाठी अर्धा टक्का वाढ करायची, असं स्वतःहून ठरवलं. शिक्षण मंडळ स्थापन झालं आणि त्या पैशांतून पॅलेस्टाईनहून चार शिक्षक आले. पुढच्या वर्षी मुलींची शाळा. १९३९ मध्ये मुबारकियात पहिलं शालेय नाटक झालं. आकडेमोड, पॅलेस्टिनी शिक्षक तेलाच्या पैशांवर आले हे पुढच्या हजारोंबद्दल बरोबर आहे. पहिले चार मात्र गरिबीतल्या जकातीवर आले. मला हे फार थोर वाटतं.

मग ही शिकलेली मुलं कैरोला गेली. अहमद अल-अदवानी तिथल्या अल-अझहर विद्यापीठात शिकले. कवी माणूस, राष्ट्रगीत त्यांचंच. अब्दुल अझीझ हुसैन यांनी १९४६ मध्ये कैरोतल्या कुवेती विद्यार्थ्यांचं ‘अल-बिअसा’ मासिक चालवलं. हमद अल-रुजैब नाट्यशास्त्र शिकले. कुणाकडे? तर झकी तुलैमातांकडे! तुलैमात कुवेतला आले ते या शिष्यानं बोलावलं म्हणून. आणि १९७३ मध्ये राष्ट्रीय संस्कृती, कला व साहित्य परिषद झाली, तिच्यामागे हुसैन होते आणि पहिले सरचिटणीस अदवानी. तुम्ही प्रदर्शनात पाहिलेली मालिका याच परिषदेची. तेलानं या माणसांचा हात मोठा केला, हे मान्य. पण माणसं शाळेनं घडवली होती, आणि ती शाळा मोत्यांच्या पैशांतली.

मिरवास

उधाणकाका, प्रतिसाद फार आवडला. शाळांच्या जोडीला गाण्याचंही सांगायला हवं, कारण तिथेही मुंबई आहे.

मी तबला वाजवतो आणि आखाती तालांचा थोडा अभ्यास केला आहे. कुवेत आणि बहारीनमधला ‘सौत’ हा शहरी गायनप्रकार. ऊद नावाचं तंतुवाद्य, मिरवास नावाचे छोटे दुतोंडी ढोल आणि एकमेकांत गुंतलेल्या टाळ्या. त्या टाळ्या ऐकाच! एक गट मात्रेवर, दुसरा मधल्या जागा भरणारा. कुवेती सौताचा आद्य पुरुष मानतात तो अब्दुल्ला अल-फरज एकोणिसाव्या शतकातला, आणि तो वाढला मुंबईत. वडील तिथले व्यापारी. संगीत तो तिथेच शिकला, मग कुवेतला परतला आणि अरबी, येमेनी, हिंदुस्थानी असं जे कानात होतं त्यातून त्यानं स्वतःचं काही घडवलं.

दुसरं उदाहरण सालेह आणि दाऊद अल-कुवैती या ज्यू भावांचं. लहान असताना त्यांच्या काकांनी व्यापारासाठी हिंदुस्थानात गेल्यावर एकाला व्हायोलिन, दुसऱ्याला ऊद आणला. पुढे दोघं इराकला गेले आणि बगदादच्या संगीताचा चेहरा बदलला.

आणि मोत्यांच्या होडीवर पगारी गायक असे, नह्हाम. वल्ही मारताना, नांगर ओढताना, शीड चढवताना वेगवेगळी गाणी. चांगला नह्हाम आपल्या होडीवर यावा म्हणून नाखुदा, म्हणजे होडीचे कप्तान, जास्त पैसे मोजत. हातात पैसा कमी असतानाही गाण्यावर खर्च करणारा समाज होता तो.

गोदाकाठ

उधाणकाका आणि मिरवास, मनापासून आभार. मुंबईहून पैसे गेले हे वाचून अंगावर काटा आला. मुंबईच्या इतिहासात आम्ही हे कधीच शिकवलं नाही. आकडेमोड, तुमच्यामुळे चर्चा रंगली.

काका, एकच शंका. या परंपरेत बायका कुठे होत्या? आणि पुस्तकांवर इथे बंदी येते असंही ऐकते. ते या चित्रात कसं बसतं?

उधाण

ताई, नीट बसत नाही, आणि ते बसवूही नये. वर्गणी, दिवानिया, मंडळं हे सगळं पुरुषांचं आणि त्यातही पैसेवाल्या घराण्यांचं. पाणबुड्याचं नाव कुठल्या देणगीच्या यादीत नाही, मोती त्यानं काढलेले असले तरी. बायकांची कला तंबूत वाढली, वाळवंटातल्या बेदुईन बायकांचं सादू विणकाम. राष्ट्रीय संग्रहालयाशेजारच्या सादू हाऊसमध्ये जरूर जा. बायकांना मताचा हक्क मिळाला तो २००५ मध्ये, मुलींच्या शाळेनंतर सत्तर वर्षांनी म्हणा ना.

बंदीचं ऐकलंत ते खरं आहे. २००० मध्ये लैला अल-ओस्मान या लेखिकेला लिखाणासाठी न्यायालयात उभं केलं गेलं, दंड झाला. २०१८ मध्ये बाहेर आलं की आधीच्या पाच वर्षांत चार हजारांवर पुस्तकांवर बंदी घातली होती. ज्या देशानं अरब जगाला स्वस्त पुस्तकं दिली, त्यानं हे करावं याचं मला फार वाईट वाटतं. पण तिथल्या लेखकांनी, वाचकांनी रस्त्यावर येऊन विरोध केला आणि २०२० मध्ये संसदेनं कायदा बदलून आयात पुस्तकांची पूर्वतपासणी काढली. सऊद अल-सनऊसीसारखा तरुण लेखक फिलिपिनो आईच्या कुवेती मुलाबद्दल लिहितो आणि २०१३ मध्ये अरबी कादंबरीचा मोठा पुरस्कार मिळवतो. घरातल्या कामवाल्या बाईबद्दल दिवानियात कुणी बोलत नसे.

१९९० बद्दल लिहायचं टाळत होतो. इराकी सैन्यानं राष्ट्रीय संग्रहालय लुटलं आणि जाळलं. बाहेर ठेवलेलं ‘मुहल्लब’ हे १९३७ चं बूमही जाळलं. मी तेव्हा इतर हजारो भारतीयांसारखा अम्मानमार्गे घरी आलो होतो. ‘अल-अरबी’ बंद पडलं. पुढच्याच वर्षी ते पुन्हा निघालं, लुटलेल्या वस्तूंतल्या बऱ्याचशा संयुक्त राष्ट्रांमार्फत परत आल्या, आणि मुहल्लबची प्रतिकृती बांधली गेली.

तुम्ही कुवेतमध्येच आहात, तर सागरी संग्रहालयातही जा. तिथे मोती तोलायचा काटा आणि चाळण्या बघा. मिरवास, तुम्ही म्हणता त्या टाळ्यांचं एखादं जुनं ध्वनिमुद्रण असेल तर इथे दुवा द्या, मला ऐकायचं आहे.