स्टेडियम जनतेच्या पैशाने, संघ मात्र शेठचा?

हिशेबी राघू
अमेरिकेतल्या नॅशनल फुटबॉल लीगचं (एनएफएल) हे गणित मला अजून उमगलेलं नाही. संघ खासगी, टीव्ही हक्कांचे पैसे खासगी, संघ विकला तर होणारा नफाही खासगी. स्टेडियम बांधायची वेळ आली की मात्र शेठजींना एकदम 'आपलं शहर' आठवतं. बफेलोच्या नव्या स्टेडियमला न्यूयॉर्क राज्य आणि एरी काउंटीने (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखी) मिळून ८५ कोटी डॉलर कबूल केले. नॅशव्हिलमध्ये सरकारी वाटा १२६ कोटी. लास व्हेगासच्या स्टेडियमला ७५ कोटी, तेही हॉटेलच्या खोल्यांवर कर बसवून.

सिनसिनाटीचं प्रकरण वाचून तर हसावं की रडावं कळेना. १९९६ मध्ये तिथल्या हॅमिल्टन काउंटीच्या मतदारांनी स्टेडियमांसाठी विक्रीकर अर्ध्या टक्क्याने वाढवून घेतला. गाजर काय, तर घरपट्टीत सूट. पुढे कराचं उत्पन्न अंदाजाइतकं आलं नाही, सवलतीला कात्री लागली आणि खड्डा भरायला काउंटीने आपल्या मालकीचं रुग्णालय विकलं. करारात असंही लिहिलेलं की नवनव्या सोयी इतर स्टेडियमांत आल्या की इथेही काउंटीने स्वतःच्या खर्चाने बसवायच्या. त्या यादीत होलोग्राफिक रिप्लेसुद्धा होता! बाजारात तुरी, आणि बिल करदात्याच्या नावाने तयार.

माझं म्हणणं सरळ आहे. ज्याचा संघ, त्याने मैदान बांधावं.

मैदानी
साफ असहमत. सगळंच डॉलरात मोजायचं तर वाचनालयं आणि बागाही बंद करा, त्या कुठे नफा देतात?

संघ गेला की शहराचं काय होतं ते बाल्टिमोरला विचारा. कोल्ट्स हा तिथला संघ सरकारी ताब्यात घेता यावा असा कायदा राज्याच्या विधिमंडळात पुढे सरकत होता. मालकाने २८ मार्च १९८४ च्या रात्री, हिमवर्षावात, ट्रक बोलावले. हेल्मेटं, वजनं, फायली, सगळं खोक्यांत भरून इंडियानापोलिसच्या वाटेला लागलं. लोक सकाळी उठले तर कोल्ट्स गायब. त्याच शहराने नंतर सरकारी मदतीने स्टेडियम बांधून द्यायचं कबूल करून क्लीव्हलँडचा संघ आणला. तिथले लोक काय वेडे होते? तीन पिढ्या एका रंगाचा शर्ट घालून बसतात, त्याची किंमत तुमच्या वहीत कुठल्या रकान्यात लिहिणार?

हिशेबी राघू
मैदानीसाहेब, बागेत शिरायला तिकीट लागत नाही, आणि बाग उद्या दुसऱ्या गावी निघून जाईन अशी धमकीही देत नाही.

बाल्टिमोरने संघ आणला म्हणजे क्लीव्हलँडच्या लोकांच्या तोंडचा घास पळवला. एकूण बेरीज शून्यच ना? आणि 'रोजगार येतो, हॉटेलं चालतात' हे कुणी सांगायला येण्याआधी: वर्षाला लीगचे घरचे सामने आठ किंवा नऊ. बाकी दिवस तिथे रिकामा पार्किंग लॉट. घरातला माणूस सामन्यावर शंभर डॉलर उडवतो, ते त्याने सिनेमावर नाहीतर जेवणावर उडवलेच असते. या विषयावर तावातावाने भांडणारे अर्थतज्ज्ञ शोधून सापडत नाहीत, इतकं त्यांचं एकमत आहे.

काठावरचा
सरसकट 'नको' म्हणणं मला पटत नाही. टेक्सासमधलं आर्लिंग्टन घ्या. २००४ मध्ये मतदान झालं, शहराचा वाटा ३२.५ कोटी डॉलर असा बांधून घेतला, खर्च एक अब्जापलीकडे गेला तो मालकाच्या गळ्यात. २०२२ मध्ये शहराने ते कर्ज मुदतीच्या बरंच आधी फेडूनही टाकलं. म्हणजे सौदा नीट करता येतो. प्रश्न करार कोण लिहितो हा आहे.

निशाचर
काठावरचा यांनी दुखऱ्या नसेवर बोट ठेवलं. करार कोण लिहितो, आणि लिहिताना कोण घाबरलेला असतो?

सेंट लुईस. एनएफएलचा संघ यावा म्हणून सरकारी पैशाने डोम, म्हणजे छप्पर असलेलं स्टेडियम, बांधला; १९९५ मध्ये लॉस एंजेलिसहून रॅम्स हा संघ आला. राज्य वर्षाला १.२ कोटी, शहर ६० लाख, काउंटी ६० लाख, असे हप्ते. करारात एक बारीकसं कलम होतं: ठरावीक वर्षांनी तपासणी, आणि त्या वेळी डोम लीगमधल्या वरच्या २५ टक्के स्टेडियमांत बसला पाहिजे. नाही बसला तर संघाला दीर्घ मुदतीच्या करारातून मोकळीक. आता बघा, बाकी शहरं एकापेक्षा एक टोलेजंग बांधत असताना तुमचं स्टेडियम काही न करताच यादीत खाली घसरत जाणार! २०१३ मध्ये लवादाने संघाचा सुमारे ७० कोटींचा नूतनीकरणाचा आराखडा उचलून धरला. शहराने एवढे पैसे घालायला नकार दिला. २०१६ मध्ये रॅम्स परत लॉस एंजेलिसला. हप्ते मात्र पुढेही चालू राहिले.

गंमत म्हणजे मधली वीस वर्षं लॉस एंजेलिसला एनएफएलचा एकही संघ नव्हता. योगायोग? मला तरी वाटत नाही. लीगमध्ये संघ ३२च, आणि एक मोठं शहर मोकळं असलं की तो आयता बागुलबुवा. कुठल्याही महापौराला दाखवायचा.

मैदानी
अर्धीच गोष्ट सांगितलीत. सेंट लुईसने दावा ठोकला आणि २०२१ मध्ये ७९ कोटी डॉलर वसूल केले. डोमचा मूळ खर्चही इतका नव्हता.

निशाचर
मान्य. पण ते पैसे कराराने नाही मिळवून दिले. स्थलांतराचे स्वतःचेच नियम लीगने मोडले, असा तो दावा होता, आणि तडजोडीत मिळाले. आग लागल्यावर विम्याचे पैसे आले म्हणून घर पेटवणं शहाणपणाचं ठरत नाही हो.

हिशेबी राघू
ग्रीन बे शहर बघा. तिथला संघ लाखो भागधारकांचा, ना नफा तत्त्वावर. पळून जायची भीतीच नाही.

मैदानी
त्याच ग्रीन बेने २००० मध्ये मतदान घेऊन काउंटीत अर्धा टक्का विक्रीकर लावला. स्टेडियमसाठीच. तोही २०१५ पर्यंत भरला लोकांनी. आता बोला.

हिशेबी राघू
बोलतो की. तिथे मला अडचण नाही. स्वतःच्या घराला स्वतः रंग दिला त्यांनी. पण लीगच्या आजच्या नियमांत तशी मालकी दुसऱ्या कुणाला मिळत नाही. का नाही, हे विचारायला हवं.

मतदान घेतलं की लोक 'नाही'ही म्हणतात. एप्रिल २०२४, मिझुरीतली जॅक्सन काउंटी, कॅन्सस सिटीचे फुटबॉलचे चीफ्स आणि बेसबॉलचे रॉयल्स. त्यांच्या स्टेडियमांसाठीचा विक्रीकराचा प्रस्ताव पडला, ५८ टक्के मतं विरोधात. चीफ्स त्याच फेब्रुवारीत सुपर बोल (लीगचा अंतिम सामना) जिंकून आले होते, तरीही.

मैदानी
आणि जूनमध्ये काय झालं? शेजारच्या कॅन्सस राज्याने विशेष अधिवेशन बोलावून स्टेडियमच्या खर्चाच्या ७० टक्क्यांपर्यंत रोखे काढायची सोय करून ठेवली. तुम्ही तत्त्व धरून बसा, शेजारी पाट मांडून तयार आहे.

काठावरचा
याच दोन राज्यांत २०१९ मध्ये समझोता झाला होता. कॅन्सस सिटीच्या परिसरात एकमेकांच्या कंपन्या करसवलतीचं आमिष दाखवून पळवायच्या नाहीत, असा.

निशाचर
आणि फुटबॉलचा संघ?

काठावरचा
तो कंपनी थोडाच आहे! तो 'आपला' संघ.