हॅलोवीनला लहान मुले आणि घरातील मोठी माणसे एकत्र खेळू शकतील असे सोपे खेळ सुचवावेत

जुळे सोलापूरची आई : आमच्या सोसायटीतील मुलांनी यंदा ३१ ऑक्टोबरला हॅलोवीन साजरा करण्याचा हट्ट धरला आहे. पार्किंगची जागा मिळाली आहे. मुले चार ते तेरा वर्षांची असून त्यांचे आजी-आजोबाही खाली येऊन बसणार आहेत. पाण्यात तरंगणारी सफरचंदे हात न लावता दातांनी उचलण्याचा खेळ सर्वत्र सुचवलेला दिसतो. परंतु ज्या शहरात नळाला काही दिवसांआड पाणी येते तेथे टबभर पाणी खेळात घालवले, तर सासूबाईंना काय उत्तर द्यावे हे मला सुचत नाही. खर्च बेताचा असावा आणि लहानांना रात्री झोप लागावी, एवढीच अपेक्षा आहे.

होटगी रोडकर : ताई, तो खेळ वगळलेलाच बरा, कारण पाण्याचा प्रश्न बाजूला ठेवला तरी सगळ्या मुलांनी एकाच टबात तोंड घालणे आरोग्याच्या दृष्टीने योग्य नाही. आयर्लंड आणि स्कॉटलंडमध्ये त्याच रात्री दोरीला सफरचंद टांगून, हात मागे ठेवून ते चावण्याचा खेळही पूर्वापार चालत आला आहे. अमेरिकेत सफरचंदाच्या जागी डोनट लावतात. आपल्या शाळांमधली जिलेबीची शर्यत याहून वेगळी ती काय! जिलेबीचा पाक मात्र नव्या पोशाखांवर गळतो, म्हणून मी चकली सुचवेन. तिच्या वेढ्यांतून जाड लोकरीचा धागा ओवावा, कारण बारीक दोऱ्याने चकली कापली जाते. अशा दहा-बारा चकल्या एका लांब दोरीला हातभर अंतराने बांधून दोरीची दोन टोके दोन काकांनी धरावीत. लहान मुलांची पाळी आली की काकांनी गुडघ्यांत वाकावे, मोठ्या मुलांच्या वेळी दोरी हळूच झुलवावी. हसण्याने निम्म्या चकल्या खाली पडतात, तेव्हा खाली स्वच्छ चादर अंथरून ठेवा. सोलापुरात तिची वानवा नाही.

अशोक चौकातून : इजिप्तच्या पट्ट्यांत लपेटलेल्या ममीसारखे माणसाला गुंडाळण्याचा खेळ अवश्य घ्यावा. परदेशात त्यासाठी टॉयलेट पेपर वापरतात, पण तो इथे महाग पडतो आणि ओढला की तुटतो. ओळखीत कोणाचा टॉवेलचा कारखाना असेल, तर शिलाईतून उरलेल्या पांढऱ्या पट्ट्या मागून आणा. नाहीतर जुने धोतर फाडा. दोन-तीन मुलांच्या गटाने एका मोठ्या माणसाला पाच मिनिटांत गुंडाळायचे. मुलांना गुंडाळण्यापेक्षा आजोबांना खुर्चीत बसवून गुंडाळण्यात मुलांना कितीतरी अधिक आनंद वाटतो, आणि उभ्या माणसाचा तोल जाण्याची भीतीही राहत नाही. मान, नाक व तोंड पूर्ण मोकळे ठेवावे, ही अट आधीच सांगावी.

विजापूर रोडची मावशी : मोठ्या मुलांसाठी खोक्याला हात जाईल एवढे भोक पाडून आत वाट्या ठेवाव्यात आणि प्रत्येक वाटीला भयंकर नाव द्यावे. परदेशी याद्यांमध्ये डोळे म्हणून सोललेली द्राक्षे असतात. आपल्या जिल्ह्यात द्राक्षे पिकत असली तरी ऑक्टोबरमध्ये ती कुठली मिळणार? पाक पिळून काढलेले छोटे रसगुल्ले डोळ्यांचे काम उत्तम करतात. शिजवलेल्या शेवया म्हणजे आतडी, आणि दात म्हणून आपली डाळिंबे आहेतच.

एक आजोबा, सात रस्ता : भोपळ्याविषयी कोणी लिहिले नाही, म्हणून लिहितो. आयर्लंडमध्ये पूर्वी सलगम कोरून त्यात दिवा ठेवत. तिथली माणसे अमेरिकेत गेल्यावर भोपळा हाती आला. आपला लाल भोपळा टणक सालीचा असल्याने मुलांच्या हाती सुरी देऊ नये. शिवाय काही घरांत बायका अखंड भोपळा कापत नाहीत, तेव्हा वाद टाळून त्यावर खडूने डोळे आणि दात रंगवावेत. उभा देठ असलेला भोपळा निवडला, तर त्याच देठावर लांबून बांगड्या टाकण्याचा खेळ होतो. यात आम्ही म्हातारे नातवंडांना सहज हरवू. खेळून झाल्यावर भोपळा धुऊन घ्यावा आणि त्याचे घारगे करावेत.

जुळे सोलापूरची आई : सर्वांची आभारी आहे. चकल्या, ममी आणि भोपळा निश्चित केले. खोक्याबद्दल एक शंका आहे : चार वर्षांची मुले घाबरणार नाहीत ना?

विजापूर रोडची मावशी : त्यांच्यासाठी खोक्याचे झाकण आधीच काढून ठेवा आणि रसगुल्ले त्यांच्याच हातांनी वाटीत ठेवून घ्या. मग तीच मुले ताया-दादांना घाबरवायला पुढे सरसावतील. फक्त रसगुल्ले थोडे जास्तीचे आणा, कारण खोक्यापर्यंत सगळे पोहोचतीलच असे नाही.